‘झालं का?’ विचारणाऱ्यांची गर्दी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



‘उगवतं तंत्रज्ञान आणि मोठ्या प्रणालींची रचना’ असा भारदस्त विषय मला नेमून दिला आहे. मी तो एका प्रश्नापुरता लहान करून घेणार आहे. त्याची परवानगी संयोजकांकडे इथे व्यासपीठावरूनच मागतो, म्हणजे त्यांना नाही म्हणता यायचं नाही.

प्रश्न असा. तुम्ही भाजीवाल्या मावशींना यूपीआयनं 40 रुपये पाठवले. तुमच्या खात्यातून गेल्याचा मेसेज आला. मावशींना मिळाले नाहीत. मेथीची जुडी अजून त्यांच्याच हातात आहे आणि तुमच्या मोबाईलवर चक्र फिरतंय. त्या घडीला ते 40 रुपये कुठे असतात?

आमच्या इंजिनियर मंडळींच्या परिषदा होतात, तिथे पडद्यावर चौकोन आणि बाण दिसतात. या चौकोनातून त्या चौकोनात बाण जातो आणि परत येतो. सगळे बाण पोहोचतात, सगळे परततात, आणि मग चहा होतो. मला अशा चित्रांचा अलीकडे कंटाळा येतो. गेलेला बाण परत आलाच नाही तर काय, या प्रश्नाला त्या चित्रात जागा नसते. खरी रचना तिथे सुरू होते.

यूपीआय 11 एप्रिल 2016 रोजी मुंबईत जाहीर झालं. चालवणारी संस्था एनपीसीआय. तिच्याकडे बँकेतून बँकेत तात्काळ पैसे पाठवणारी आयएमपीएस ही सेवा 2010 पासून होतीच, तिच्या अनुभवावर हे उभं राहिलं. तुम्ही पिन दाबता तेव्हा तो ज्या ॲपमध्ये दाबल्यासारखा वाटतो त्या ॲपला तो दिसतही नाही. एनपीसीआयनं दिलेला प्रोग्रॅमचा तुकडा तो फोनवरच कुलूपबंद करतो. मग विनंती ॲपच्या पाठीशी असलेल्या बँकेकडे, तिथून एनपीसीआयच्या मधल्या स्विचकडे. स्विच आधी मावशींचा पत्ता शोधतो. मग तुमच्या बँकेला सांगतो, 40 वजा करा. तिचा होकार आला की मावशींच्या बँकेला सांगतो, 40 जमा करा. तिचाही होकार आला की दोन्हीकडे निरोप जातात. सगळं बिनबोभाट झालं तर यात काही सेकंद जातात.

यात पैसे कुठेही प्रवास करत नाहीत. दोन वह्यांत दोन नोंदी होतात आणि बँकांचा आपसातला हिशेब रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर दिवसातून अनेकदा मिटवला जातो. म्हणजे मेथीचे 40 रुपये अडकले तेव्हा ते वाटेत कुठे पडलेले नसतात. एका वहीत नोंद झालेली असते, आणि दुसऱ्या वहीत झाली की नाही हे मधल्या माणसाला माहीत नसतं.

‘झालं’ आणि ‘नाही झालं’ या दोन अवस्था सगळ्यांना कळतात. तिसरी अवस्था ‘माहीत नाही’. नवशिका प्रोग्रॅमर तिला ‘नाही झालं’मध्ये ढकलतो, आणि सगळे घोटाळे तिथून निघतात. मावशींच्या बँकेकडून उत्तर आलं नाही, याचा अर्थ काय? निरोप तिथे पोहोचलाच नाही, हे शक्य आहे. पोहोचला, पैसे जमाही झाले, आणि होकार परत येताना हरवला, हेही तितकंच शक्य आहे. स्विचच्या जागी बसून पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात : शांतता.

संगणकशास्त्रात याची एक जुनी गोष्ट सांगतात. दोन टेकड्यांवर एकाच बाजूच्या दोन फौजा आहेत, खालच्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तर जिंकतील, एकट्यानं केला तर मरतील. निरोप्याला दरीतूनच जावं लागतं, तो पकडला जाऊ शकतो. ‘पहाटे निघू’ असा निरोप गेला, पण पोहोचला का? पोच हवी. पोच निघाली, पण ती पोहोचली का? पोचेची पोच हवी. असे कितीही निरोपे धाडा, दोघांची एकाच वेळी खात्री पटत नाही. 1975 मध्ये हा प्रश्न शास्त्रीय निबंधात मांडला गेला आणि 1978 मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचं नाव दिलं. हाताशी फक्त असा बेभरवशाचा रस्ता असेल तर याला उत्तर नाही, हे गणितानं सिद्ध आहे. उत्तर ‘अजून सापडलेलं नाही’ असं नव्हे, नाहीच.

मग यूपीआय रोज चालतं कसं? ज्याला उत्तर नाही त्याच्या कडेनं वाट काढून. ती वाट मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगतो. तुमच्या बँकेनं ‘वजा केले’ हे वेळेत कळवलं नाही, तर स्विच व्यवहार फसला असं धरतो आणि तिला ‘केलं असशील तर उलटं कर’ असा निरोप देतो. यात धोका नाही, कारण मावशींच्या बँकेला अजून कुणी काही सांगितलेलंच नाही. पण पैसे वजा झाले आणि मावशींची बँक गप्प राहिली, तर स्विच ते उलटे करत नाही. मोह होतो, पण नाही. कारण तिकडे जमा झालेले असतील आणि इकडेही परत दिले, तर 40 चे 80 झाले. म्हणून तो व्यवहार तात्पुरता ‘झाला असं मानलेला’ या खान्यात जातो. आता जबाबदारी मावशींच्या बँकेवर : आपली वही तपासा, जमा झालेत असं कळवा किंवा पैसे परत पाठवा.

म्हणजे शांतता तीच, पण ती कुठल्या पायरीवर आली त्यावर निर्णय बदलतो. चौकोन-बाणांच्या चित्रात हे कधी दिसत नाही, आणि माझ्या मते या प्रणालीतली सगळ्यात हुशार जागा हीच आहे. तिला कायद्याचा टेकूही आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2019 मध्ये मुदती ठरवून दिल्या. दोन व्यक्तींमधल्या अशा अडकलेल्या यूपीआय व्यवहाराचे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे रोजचे 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. जे यंत्राला सेकंदात ठरवता येत नाही ते माणसांनी दिवसात ठरवायचं, अशी ही वाटणी आहे.

ही अडचण आपल्या जुन्या सराफांना ठाऊक नव्हती असं समजू नका. त्यांची पैसे पाठवायची चिठ्ठी, म्हणजे हुंडी, वाटेत हरवली तर काय? लिहिणारा दुसरी लिहून देई, तिला पेठ म्हणत. पेठही गहाळ झाली तर परपेठ, आणि तिच्यानंतर मेजर. प्रत्येक नव्या कागदावर आधीच्या हुंडीचा हवाला असे. आधीची पटलेली असेल तर ही रद्द. म्हणजे कागद चार झाले तरी पैसे एकदाच. आज आमचे लोक यालाच ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात आणि त्यावर तासभर व्याख्यान देतात. यूपीआयमध्ये प्रत्येक व्यवहाराला जन्मतःच क्रमांक मिळतो, तोच निरोप पुन्हा आला तर क्रमांक पाहून ‘हे आधीच केलंय’ असं म्हणता येतं. म्हणून चक्र फिरत असताना घाईनं नवा व्यवहार करू नका. नवा व्यवहार म्हणजे नवा क्रमांक, आणि त्याला पेठ म्हणता येत नाही, ती वेगळीच हुंडी. अडकलेल्या व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक जपा, तक्रारीला तोच लागतो.

आता शीर्षकाकडे येतो. ‘माहीत नाही’ म्हटलं की कुणीही काय करेल? विचारेल. ‘झालं का?’ थोड्या वेळानं पुन्हा विचारेल. एसटी स्टँडवर गाडी लांबली की चौकशीच्या खिडकीपाशी हेच होतं. गाड्या सोडायच्या त्या खिडकीतल्याच साहेबानं आणि उत्तरंही द्यायची त्यानंच. गर्दी वाढते तशी गाड्या आणखी लांबतात, आणि गाड्या लांबतात तशी गर्दी.

इंटरनेटनं हा धडा ऑक्टोबर 1986 मध्ये घेतला. अमेरिकेत बर्कलीला एक प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात जेमतेम 400 यार्डांचं अंतर. त्या दुव्यावरून सेकंदाला 32 हजार बिट जायचे, ते घसरून 40 वर आले. हजार गेले, नुसते 40 उरले! पोच आली नाही की प्रत्येक यंत्र माहितीचं तेच पाकीट पुन्हा पाठवत होतं, आणि आधीच तुंबलेल्या रस्त्यावर त्याच पाकिटांच्या प्रती लोटत होत्या. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये त्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. उपाय सांगायला सोपा आहे : उत्तर आलं नाही तर थांब, पुन्हा नाही आलं तर दुप्पट थांब, आणि सुरुवात हळू कर. पुढच्या लोकांनी एक बारकावा घातला. प्रत्येकानं थांबण्याच्या वेळेत थोडा स्वैरपणा ठेवायचा, नाहीतर सगळे एकदम थांबतात आणि एकदमच परत येतात.

तरीही 12 एप्रिल 2025. शनिवार होता, हनुमान जयंती. देशभर यूपीआय कोलमडलं आणि दुपारचे कित्येक तास लंगडत राहिलं. मला वाटलं होतं, पैसे पाठवणाऱ्यांची लाट आली असेल. एनपीसीआयच्या तपासात निघालं ते वेगळंच. काही बँकांकडून ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ या विचारणांचा पूर आला होता, आणि त्यात जुन्या व्यवहारांबद्दलच्याही विचारणा होत्या. ओझं पैशांचं नव्हतं, चौकशीचं होतं. बर्कलीनंतर साडेअडतीस वर्षांनी तीच गोष्ट, फक्त पाकिटांच्या जागी प्रश्न.

त्यानंतर नियम आले. पहिली विचारणा ठरावीक वेळ थांबल्याशिवाय करायची नाही आणि एका व्यवहाराबद्दल तीनपेक्षा जास्त वेळा विचारायचं नाही. 1 ऑगस्ट 2025 पासून एका ॲपमधून खात्यातली शिल्लक दिवसाला 50 वेळाच पाहता येते. यावर पुष्कळ विनोद झाले, दिवसातून 50 वेळा शिल्लक पाहण्याइतकी शिल्लक कुणाकडे असते, वगैरे. पण रोखायचं होतं ते माणसाला कमी आणि त्याच्या नावानं पडद्याआड विचारत राहणाऱ्या ॲपला जास्त. वर्गणी, हप्ते असे आपोआप कापले जाणारे पैसे सकाळ-संध्याकाळची गर्दी सोडून कापायचे, हेही ठरलं. त्याच ऑगस्टमध्ये यूपीआयनं महिन्याला 2000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, म्हणजे रात्र-दिवस धरून सेकंदाला सरासरी सात हजारांहून जास्त. एवढ्या गर्दीत ‘थोडं थांब’ म्हणता येणं हा प्रणालीचा अवयवच धरावा लागतो.

यूपीआय लाइटचाही इथे उल्लेख करतो. सप्टेंबर 2022 मध्ये ते आलं. लहान रकमा फोनमधल्या छोट्या शिलकीतून, पिनशिवाय. वडापावसाठी बँकेच्या मुख्य संगणकाला उठवायचं नाही, एवढीच त्यातली कल्पना. आमच्या क्षेत्रात नवं म्हणजे वेगवान अशी समजूत आहे. न विचारता भागणं, हेही नवंच आहे.

आता उगवत्या तंत्रज्ञानाकडे येतो, नाहीतर संयोजक मानधन कापतील. पुढची लाट आहे ती तुमच्या वतीनं खरेदी करणाऱ्या प्रोग्रॅमची. ‘महिन्याचा किराणा भर’ म्हणून सांगितलं की तो दुकान शोधेल, भाव पाहील आणि पैसेही देईल. मला त्याच्या बुद्धीची चिंता नाही, चिंता आहे त्याच्या चिकाटीची. माणूस तीनदा चक्र पाहतो, कंटाळतो, खिशातून नोट काढून देतो आणि जुडी घेऊन घरी जातो. आमच्या प्रणाली त्या कंटाळ्याच्या जोरावर इतकी वर्षं तग धरून होत्या, हे कुणी आराखड्यात लिहिलं नव्हतं. प्रोग्रॅम कंटाळत नाही. त्याला उत्तर आलं नाही तर तो पुन्हा विचारेल, दुसऱ्या ॲपमधून प्रयत्न करेल, दुसऱ्या दुकानातही मागणी नोंदवेल.

आणि इथे एक नवी अडचण उभी राहते. त्यानं दोन वेगळ्या वाटांनी पैसे दिले आणि दोन्ही वाटा चालल्या, तर क्रमांक दोन, व्यवहार दोन, आणि दोन्ही अस्सल. फसलेल्या व्यवहारासाठी केलेल्या 2019 च्या मुदती इथे लागू होत नाहीत, कारण फसलं काहीच नाही. बँकेच्या वहीत सगळं बरोबर आहे. चूक फक्त तुमच्या दारात आलेल्या तांदळाच्या दोन पोत्यांत दिसते. ही दोन्ही पोती एकाच इच्छेतून आली हे ओळखायचं कुणी? ॲपला दुसरं ॲप दिसत नाही, बँकेला तुमची इच्छा दिसत नाही, दुकानदाराला तर ओळखण्यात रसही नाही. माझं मत असं, की क्रमांक पैसे देताना मिळून चालणार नाही. तुम्ही ‘किराणा भर’ म्हणता त्या क्षणी, तुमच्याच फोनवर तो पडायला हवा आणि पुढच्या प्रत्येक प्रयत्नावर, ॲप कुठलंही असो, तोच छापला जायला हवा. आजच्या निरोपांच्या साच्यात अशा क्रमांकासाठी खाना ठेवायचा तर ॲपवाले, बँका आणि एनपीसीआय या तिघांना एकत्र बसावं लागेल. आणि त्या तिघांपैकी कुणालाही त्यातून आज एक रुपया सुटत नाही.