रिपोर्टातला आकडा आणि आपलं बाईपण
(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या मांडणीचे शब्दांकन)



मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं. पाळी अनियमित आहे, मूल होत नाही, हनुवटीवर केस येतात म्हणून हार्मोनच्या तपासण्या करायला बाया येतात. रक्त बाईचं, पण रिपोर्ट तिच्या हाती क्वचितच पडतो. तो नवरा घेऊन जातो, सासू विचारते, डॉक्टर बघतात आणि गोळी लिहून देतात. एखाद्या आकड्यापुढे 'जास्त' असा शेरा असला की घरात कुजबुज सुरू होते, हिच्यात पुरुषाचं हार्मोन आहे म्हणे! मुलगी लग्नाची असेल तर बघायलाच नको. म्हणून हा कागद आपण स्वतः वाचायला शिकायचं आहे.

टेस्टोस्टेरोन पुरुषाचं आणि इस्ट्रोजेन बाईचं, ही वाटणी शरीराला ठाऊक नाही. प्रत्येक बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरोन असतं. काही बीजकोषात तयार होतं, काही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींच्या कामातून येतं, आणि जवळजवळ निम्मं चरबीत, कातडीत इतर हार्मोनांपासून बनतं. आपलं इस्ट्रोजेनसुद्धा टेस्टोस्टेरोनसारख्या हार्मोनांपासूनच बनतं.

मग रिपोर्टात इतकी नावं कशाला? तर वाढलेलं हार्मोन कुठून येतंय ते कळावं म्हणून. डीएचईए-एस जवळजवळ सगळं अॅड्रिनलमधून येतं. ते वाढलं असेल तर डॉक्टर तिकडे लक्ष देतात. १७-ओएच प्रोजेस्टेरोन हे नाव तर नीट लक्षात ठेवा. काही जणींच्या अॅड्रिनलमध्ये जन्मतःच एका विकराची कमतरता असते. त्यांची पाळी लांबते, केस येतात, आणि सगळं 'पीसीओएस'सारखंच दिसतं. पण कारण वेगळं, उपचार वेगळा, आणि ते आनुवंशिक असतं. ही तपासणी सकाळी, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात करतात. ती न करताच 'पीसीओएस' म्हटलं असेल, तर विचारा.

दुसरा मुद्दा वेळेचा. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास भरपूर असतं आणि मध्यरात्री अगदी कमी. कायम रात्रपाळी करणाऱ्या नर्सबाईचं हे चक्रच सरकलेलं असू शकतं. प्रोजेस्टेरोन स्त्रीबीज बाहेर पडल्यावर वाढतं, म्हणून ते पुढची पाळी येण्याच्या साधारण सात दिवस आधी तपासायचं. 'एकविसावा दिवस' हा नियम अठ्ठावीस दिवसांची पाळी असलेल्या बाईपुरता. पस्तीस दिवसांनी पाळी येणारीचं रक्त एकविसाव्या दिवशी घेतलं, तर बीज सुटतच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरोन कमी दिसतं. केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर आकडे खोटेच वर किंवा खाली जातात. रक्त देण्याआधी हे लॅबमध्येही सांगा आणि डॉक्टरांनाही.

तिसरा मुद्दा, 'नॉर्मल' म्हणजे काय? निरोगी बायांचे आकडे मोजून बहुधा मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे शंभरातल्या पाच निरोगी बाया या रेषेबाहेर पडणारच. शिवाय डीएचईए-एस विशीत सर्वाधिक असतं आणि वयाबरोबर उतरत जातं, तेव्हा पन्नाशीच्या बाईला विशीची पट्टी लावू नये. एकक बघा. एका लॅबचं ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे दुसरीचं १.७ नॅनोमोल प्रति लिटर. हार्मोन तेवढंच आहे, तेव्हा 'उतरलं' म्हणून पेढे वाटू नका! बायांमध्ये टेस्टोस्टेरोन इतकं थोडं असतं की नेहमीच्या यंत्रांवर ते अचूक मोजणंही अवघड जातं.

याचा अर्थ आकड्याकडे काणाडोळा करा असा नाही. काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, केस झपाट्यानं वाढले आणि टेस्टोस्टेरोन २०० नॅनोग्रॅमच्या आसपास वा पुढे गेलं, तर बीजकोषात किंवा अॅड्रिनलमध्ये गाठ नाही ना हे ताबडतोब तपासायला हवं. तिथे लाजून घरी बसणं जिवावर बेतू शकतं.

मात्र आकडा आजार शोधायला वापरायचा, बाईपण ठरवायला नाही. २०१४ साली धावपटू द्युती चंदला टेस्टोस्टेरोनवरून राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. ती लढली, आणि २०१५ साली क्रीडा लवादानं त्या नियमाला स्थगिती दिली. तेव्हा मर्यादा १० नॅनोमोल होती. २०१८च्या नियमात काही शर्यतींसाठी ती ५ झाली, २०२३ मध्ये सगळ्याच प्रकारांसाठी २.५. बायांची शरीरं तीच राहिली, सरकली ती रेषा. ती रेषा माणसांनी आखलेली आहे, हे आपल्या गावातल्या हनुवटीवर केस असलेल्या मुलीलाही कळायला हवं.

तेव्हा आपापल्या गटांत एवढं करा. रिपोर्ट मागून घ्या, तो तुमचा आहे. त्यावर पाळीचा दिवस, रक्त दिल्याची वेळ आणि चालू गोळ्या लिहून ठेवा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: ही तपासणी कशासाठी? आकडा वेगळा आला तर पुढे काय? पुन्हा तपासून बघायचं का? एकटीला विचारायची भीती वाटत असेल, तर गटातल्या कुणीतरी सोबत जा. दोघी असल्या की डॉक्टरही जरा थांबून सांगतात.