रथात शेजारी बसणारा

मंडळी, आज निरूपणाला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 घेतला आहे. कूश देशाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमची यात्रा करून परत निघालाय. यात्रा झाली, दर्शन झालं, पण मनाचं समाधान नाही. रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. वधाला नेलेल्या मुक्या मेंढराचं वर्णन आलं आणि गाडी तिथेच अडली. हा कोण? संदेष्टा स्वतःबद्दल सांगतोय की दुसऱ्या कुणाबद्दल?

फिलिप्प धावत रथाजवळ गेला. आता बघा हं. त्यानं आधी उपदेश नाही केला. विचारलं, समजतंय का? तो म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? वर ये, बस. बोलावल्यावर फिलिप्प रथात चढला आणि अडलेल्या त्याच ओळीपासून येशूची गोष्ट सांगू लागला.

आता आख्यान आपल्या मुलखातलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक, जन्म 1861. 1893 साली राजनांदगावला निघाले असताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. आदरानं बोलला, कवितेवर बोलला आणि उतरताना नवा करार हातात ठेवला. टिळकांनी वाचायचं कबूल केलं. वाचता वाचता मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. पण तुकोबांना त्यांनी टाकलं नाही. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत.

आणि घरात? लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पाच वर्षांची ताटातूट. स्मृतिचित्रे वाचा, बायांनो, त्या माउलीनं काही लपवलेलं नाही. पुढे नवऱ्याकडे आल्या त्या आपलं सोवळं घेऊन, वेगळी चूल मांडून. टिळकांनी ती चूल मोडली नाही. मन आतून पालटलं तेव्हा, 1900 साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांचं अपुरं ख्रिस्तायन त्यांच्यामागे पुरं केलं ते याच बाईनं! ओढून आणलेलं माणूस असं करील का हो?

मंडळी, आता माझंच सांगतो. तरुणपणी इथे वाईत, घाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी वचनावर वचन ऐकवत होतो. बाबा शांतपणे म्हणाले, "महाराज, माझा मुलगा गेला त्याला आज तेरा दिवस झाले." माझ्या तोंडातली वचनं खरी होती हो, पण मी रथात बसलोच नव्हतो. नुसता रथामागून ओरडत होतो. त्या दिवसापासून आधी विचारतो, मग बसतो, मग सांगतो.

टिळकांनी 1917 मध्ये इथून जवळच, साताऱ्याला, देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या शिष्याला दार मोकळं.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. रोज एक उतारा दोघांनी मिळून वाचा. अडलं तिथे थांबा, लाजू नका, विचारा. आणि कुणाला सांगायचं झालं, तर त्याचं कुठे अडलंय ते आधी ऐका. खजिनदाराला वाटेत पाणी दिसलं, त्यानं स्वतःच बाप्तिस्मा मागितला आणि आनंद करीत आपल्या वाटेनं गेला. फिलिप्प त्याला पुन्हा दिसला नाही. सांगणारा दिसेनासा व्हावा, प्रभू उरावा.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!