नोटेला बट्टा का लागतो?

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला, असे आपण म्हणतो. हाच बट्टा सराफाच्या पेढीवरही असतो. शंभराची नोट मोडायला द्यावी आणि सराफाने अठ्ठ्याण्णवच हाती ठेवावेत. ते जे दोन रुपये कापले, तो बट्टा. नोट फाटकी असेल, तर तो समजू शकतो. पण नोट कोरी करकरीत, सरकारही तेच, देशही तोच, आणि केवळ गाव बदलले म्हणून बट्टा लागतो, किंवा दुकानदार "ही आमच्याकडे चालत नाही हो," म्हणून ती परत करतो. असे का होत असावे? आज याच प्रश्नाचा थोडा विचार करू. प्रश्न जुना आहे. पण त्याचे टोक आपल्या आठवड्याच्या बाजारापर्यंत येऊन पोहोचते, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

आधी आपल्याच देशातली गोष्ट. हिंदुस्थानात कागदी चलनाचा कायदा १८६१ साली झाला. त्यापूर्वी मुंबई, बंगाल आणि मद्रास येथील प्रेसिडेन्सी बँका आपापल्या नोटा काढीत. या कायद्याने तो अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. आता नोट सरकारची झाली, म्हणजे ती पेशावरपासून मद्रासपर्यंत सारखी चालली असेल, असे आपल्याला वाटेल. पण तसे नव्हते. देशाचे विभाग पाडले होते. त्यांना 'सर्कल' म्हणत. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही मुख्य ठाणी. पुढे अलाहाबाद, लाहोर, कराची अशी आणखी झाली. आपल्याकडे नागपूर आणि अकोला येथेही काही काळ अशी सर्कले होती. ज्या सर्कलची नोट, त्याच सर्कलमध्ये ती कायदेशीर चलन. दुसऱ्या सर्कलमध्ये ती घेतलीच पाहिजे, असे कोणावरही बंधन नव्हते.

समजा, त्या काळी पुण्याचा एक गृहस्थ काशीयात्रेला निघाला आहे. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरपाशी जोडला गेला होता, तेव्हा गाडीची सोय झालेली. कमरेच्या कशात शंभराची मुंबई सर्कलची नोट. गाडीतून प्रयागला उतरला. क्षौर, पिंड, दक्षिणा, सगळ्याला सुटे पैसे हवेत. नोट घेऊन सराफाकडे गेला. सराफाने ती उजेडात धरली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "महाराज, ही मुंबईची. इथे वटायची नाही. घेतो, पण बट्टा पडेल." आता परक्या गावी हा बिचारा काय करणार? बट्टा सोसला आणि पुढे गेला. परत आल्यावर त्याने शेजाऱ्यांना काय सांगितले असेल? "अहो, नोटेच्या नादी लागू नका. रुपया तो रुपया!"

यात सराफ लबाड होता, असे मात्र लगेच समजू नका. त्याची अडचण काय होती, तेही पाहू. त्या काळी नोट म्हणजे चांदीच्या रुपयांची चिठ्ठी. नोट कचेरीत नेली, की तितके रुपये मोजून मिळायचे. रुपयाचे वजन एक तोळा. हजार रुपये म्हणजे हजार तोळे, जुन्या मापाने साडेबारा शेर; आजच्या मापाने पावणेबारा किलोच्या आसपास. प्रयागच्या सराफाला मुंबईची नोट वटवायची, तर ती मुंबईला पाठवायची आणि तिकडून चांदी आणायची. तिच्या वाटखर्चाचा भार कोणावर तरी पडणारच. सरकारलाही हीच धास्ती होती. कोणतीही नोट कोठेही वटू लागली, तर सुगीच्या दिवसांत एखाद्या ठाण्याची तिजोरी रिकामी व्हायची आणि तिथे गाड्या भरभरून चांदी न्यावी लागायची. म्हणून सर्कलचे कुंपण घातले.

नोट टपालाने पाठवायची, तर लोक तिचे दोन तुकडे करीत. एक अर्धुक आधी रवाना करायचे. ते पोहोचल्याचे पत्र आले, की मग दुसरे. वाटेत एक चोरीला गेले, तरी चोराला त्याचा उपयोग नाही. पाहा, लोकांनी किती युक्त्या काढल्या होत्या! पण युक्ती काढावी लागते, याचा अर्थच असा, की विश्वास पुरता बसलेला नाही.

कुंपणाचा तोटा सरकारच्याही लक्षात आला. १९०३ साली पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश सोडून सर्वत्र कायदेशीर करण्यात आली. १९०९ साली ब्रह्मदेशातही. १९१० मध्ये दहा आणि पन्नास रुपयांच्या, १९११ मध्ये शंभराच्या नोटेला तीच मोकळीक मिळाली. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स याने १९१३ साली हिंदी चलनावर पुस्तक लिहिले, त्यात ही सर्कलपद्धती नोटांच्या प्रसाराच्या आड कशी येत होती, हे त्याने दाखवून दिले आहे. आधी छोटी नोट मोकळी केली आणि मग मोठी, असे म्हणा ना! पाण्यात उतरताना आपण आधी पाय बुडवतो, तसेच हे झाले.

आता मराठवाड्याकडे वळू. तिथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द असत. हाली म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानचा रुपया; कलदार म्हणजे इंग्रजी. १९१८ पासून संस्थानाने आपल्या कागदी नोटाही काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठीतही किंमत छापलेली असे. धाराशिवचा शेतकरी माल घेऊन बार्शीच्या पेठेत आला, किंवा त्या वेळच्या औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, उतारू मनमाडला गाडी बदलायला उतरला, की त्याच्या हालीचे कलदार करावे लागत. भाव ठरलेला होता: सात हाली म्हणजे सहा कलदार. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, तरी हाली चलन लगेच गेले नाही. देश एक झाला होता, पण आणखी काही वर्षे खिशात दोन तऱ्हेचे रुपये होते. पुढे १९५०-६० च्या दशकात हाली चलनातून गेले.

शिक्षकबंधू-भगिनींनो, वर्गात हे गणित जरूर घाला. साडेतीनशे हाली रुपयांचे कलदार किती? तीनशे. मुले त्रैराशिक तर शिकतीलच, पण आपल्या आजोबा-पणजोबांना बाजारात उभ्या उभ्या काय हिशेब करावा लागे, तेही त्यांना कळेल. ज्याला हा हिशेब येत नसे, त्याचे काय होत असेल, हा प्रश्नही त्यांना विचारा.

तेव्हा बट्ट्याचे दोन प्रकार आपण पाहिले. हालीची किंमतच निराळी होती. तिथे फरक घेणे रास्तच. मुंबईच्या नोटेची किंमत तीच होती, पण ती वटण्याची जागा लांब होती. तिथे वाटखर्च घेणे समजण्यासारखे. आता तिसरा प्रकार पाहू. त्यासाठी जरा दूर, इंग्लंडात जाऊ.

ब्रिटनमध्ये आजही सगळ्या नोटा एकाच बँकेच्या नाहीत. लंडनची बँक ऑफ इंग्लंड आहेच. पण स्कॉटलंडमध्ये तीन बँका आपल्या नावाच्या नोटा काढतात: बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक. उत्तर आयर्लंडातही काही बँकांना हा अधिकार आहे. बँक ऑफ स्कॉटलंडची स्थापना १६९५ सालची. म्हणजे ही रीत तीनशे वर्षांहून जुनी. स्कॉटिश माणसाला या नोटांचा मोठा अभिमान. १८२६ साली लंडनच्या सरकारने पाच पौंडांखालच्या नोटा बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याने टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रे लिहून असे रान उठवले, की स्कॉटलंडपुरता तो बेत सरकारला सोडावा लागला. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटेवर म्हणूनच आज त्याचे चित्र असते.

समजा, आपल्या गावचा एक मुलगा एडिंबरोला शिकायला आहे. सुट्टीत तो लंडनला जातो. दुकानात वीस पौंडांची स्कॉटिश नोट पुढे करतो. दुकानदार नोट हातात घेतो, पाहतो, मालकाला हाक मारतो. कधी ती घेतो, कधी "दुसरी नाही का?" म्हणून विचारतो, कधी सरळ परत करतो. मुलगा म्हणतो, "अहो, पौंडच आहे हा!" ते खरे आहे. किंमत तीच, पैशाचाही फरक नाही. बँकेत नेली, तर पूर्ण किंमत जमा होईल.

मग त्या नोटेला आधार नाही काय? आधार भक्कम आहे. २००९ च्या कायद्याप्रमाणे या बँकांना आपल्या चलनात असलेल्या नोटांइतकी मालमत्ता राखून ठेवावी लागते. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत खास मोठ्या नोटा असतात. काही दहा लाख पौंडांच्या, आणि काही, ऐकून नवल वाटेल, एकेक दहा कोटी पौंडांची! त्या कधी बाजारात येत नाहीत.

आणि कायदा काय म्हणतो? इथे एक गंमत आहे. स्कॉटिश नोट इंग्लंडमध्ये 'कायदेशीर चलन' नाही, हे खरे. पण ती खुद्द स्कॉटलंडमध्येही त्या काटेकोर अर्थाने कायदेशीर चलन नाही. इतकेच काय, बँक ऑफ इंग्लंडची नोटही स्कॉटलंडमध्ये त्या अर्थाने तशी नाही. तरी एडिंबरोच्या प्रत्येक दुकानात दोन्ही नोटा बिनतक्रार चालतात. कारण त्या तिथे रोजच्या ओळखीच्या आहेत. त्या देशात दुकानदाराने काय घ्यावे आणि काय नाकारावे, हे त्याच्या मर्जीवर आहे. या नोटा सर्वांनी घेतल्याच पाहिजेत, असा कायदा करावा म्हणून २००९ साली पार्लमेंटात एक खाजगी विधेयक आले होते. ते कायद्यात उतरले नाही.

म्हणजे या तिसऱ्या प्रकारात किंमत निराळी नाही, वटण्याची जागाही दूर नाही. कमी आहे ती फक्त ओळख. दुकानदार मनात म्हणतो, 'नोट खरी असेलही. पण मला ती ओळखता येत नाही. खोटी निघाली, तर भुर्दंड माझ्या डोक्यावर.' त्याची भीती खरी असते, पण तिची किंमत भरतो समोरचा परका माणूस.

आता आपल्या बाजारात परत येऊ. मागे एका आठवड्याच्या बाजारात मी एक भाजीवाल्या आजी पाहिल्या. दिवसभराच्या विक्रीत दहा रुपयांची बरीच नाणी जमली होती. संध्याकाळी तेल-मीठ घ्यायला त्या दुकानात गेल्या, तर दुकानदार म्हणाला, "आजी, दहाचा कलदार इथे चालत नाही. नोट असेल तर द्या." आजी म्हणाल्या, "अरे लेकरा, सकाळपासून गिऱ्हाइकांनी हेच दिलं. मी कुणाला नाही म्हणाले नाही. आता मीच तेवढी खोटी का?" आजी पिशवी तशीच घेऊन निघाल्या. त्या घरी काय स्वयंपाक झाला असेल, कोण जाणे.

दहा रुपयांच्या नाण्यांविषयी अशा अफवा देशाच्या कित्येक भागांत पसरल्या होत्या. कोणी म्हणे, दहा रेघांचे खरे, पंधरा रेघांचे खोटे. कोणी म्हणे, रुपयाचे नवे चिन्ह नसेल, तर घेऊ नका. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की तोवर निघालेले दहा रुपयांच्या नाण्यांचे चौदाही नमुने कायदेशीर आहेत. नाणी वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून निरनिराळे नमुने एकाच वेळी बाजारात दिसतात. आणि रुपयाचे चिन्ह तर २०१० सालचे, त्यापूर्वीच्या नाण्यावर ते असणार कसे? २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया व त्याहून मोठी नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. आणि रिझर्व्ह बँकेची चालू नोट तर भारतात कोठेही, कोणत्याही रकमेसाठी कायदेशीर आहे. सर्कल आता उरलेले नाही.

लोक घाबरतात, त्यालाही कारण आहे, हे मी नाकारत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या जुन्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या, ती आठवण ताजी आहे. पण नोट वा नाणे रद्द होते ते सरकारच्या जाहीर आदेशाने; शेजारच्या गावच्या कुजबुजीने नव्हे. म्हणून शंका आली, तर बँकेत विचारा. नोट उजेडात धरून पाण्यातले चित्र पाहा, सुरक्षेचा धागा पाहा. खोटे ओळखणे हे शहाणपणच आहे. पण आपल्याला ओळख नाही म्हणून खऱ्याला खोटे म्हणणे, हा त्या आजींसारख्या माणसावर अन्याय आहे.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी कोणी अनोळखी नोट वा नाणे पुढे केले, तर मनाशी तीन प्रश्न विचारा. याची किंमत निराळी आहे काय? हे वटायला दूर जावे लागेल काय? की मलाच याची ओळख नाही? उत्तर तिसरे असेल, तर बट्टा त्या नाण्याला नाही. तो आपल्या माहितीला आहे. आणि तो पुसायला बँकेपर्यंत एक फेरी पुरते.