बोटाचे टक्के ठरतात, झोपेचे नाहीत

(चिंचवड येथे युवा मेळाव्यात केलेले भाषण)



युद्ध, आपत्ती, अपघात यांचे मनावर वर्षानुवर्षं राहणारे परिणाम, असा विषय मला दिला आहे. मी डॉक्टर नाही. चाकणला नऊ वर्षं पॉवर प्रेस चालवला आणि आता जखमी कामगारांबरोबर ईएसआयच्या कागदांसाठी फिरतो. त्यामुळे युद्धाबद्दल जे सांगेन ते वाचलेलं असेल, प्रेसबद्दल सांगेन ते भोगलेलं.

हा माझा उजवा हात. तर्जनीची वरची दोन पेरं नाहीत. दुसरी शिफ्ट होती. पेडल मी एकदाच दाबलं, प्रेस दोनदा खाली आला. दुसऱ्या वेळी माझा हात आत होता, तयार झालेला पार्ट काढत होतो. एवढंच.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात एक तक्ता होता. अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४ टक्के, तिची दोन पेरं ११ टक्के. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. माणसाची कमाई किती घटली, त्याचा हा हिशेब. मेडिकल बोर्डासमोर माझेही टक्के ठरले. जखम भरली, टाके निघाले. सगळे म्हणाले, एका बोटावर निभावलं, शुक्र कर.

शुक्र केला. पण झोप गेली. रात्री तीनच्या सुमारास दचकून उठायचो आणि आधी हात चाचपायचो. घरात मिक्सर लागला की मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहायचो. मुलानं दाराच्या फटीत हात घातला म्हणून त्याला असा मारला की अजून त्याची लाज वाटते. दोन ठिकाणी काम मिळालं, दोन्ही ठिकाणी प्रेसचा आवाज ऐकून आठवड्यात परत आलो. लोक म्हणाले, कामचोर झाला. अम्मीनं तावीज आणला. मी तो बांधलाही, कारण तिला माझी काळजी होती. पण मला काय झालंय हे मला कुणी सांगितलं नाही. त्या तक्त्यात झोपेला टक्के नव्हते.

या दुखण्याला नाव मिळालं ते युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात खंदकातून परतलेले सैनिक थरथरायचे, काहींची वाचा जायची, अंगावर जखम मात्र दिसायची नाही. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं त्याला ‘शेल शॉक’ म्हटलं. कित्येकांना मात्र भित्रे ठरवलं गेलं. पुढे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत ‘पीटीएसडी’ हे नाव आलं. मराठीत आघातोत्तर तणाव विकार. घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, सतत सावध आणि चिडचिडं राहणं. हे महिन्याच्या वर टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं तर डॉक्टरला दाखवायचं. संकटातून गेलेले बहुतेक लोक हळूहळू स्वतःच सावरतात. काही सावरत नाहीत, आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नसतो.

तुम्ही म्हणाल, युद्ध कुठे आणि चाकण कुठे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत बोटं गमावणाऱ्या कामगारांवर ते आहेत. सुरुवात हरियाणापासून झाली, नंतर आपला पुण्याचा पट्टाही त्यात आला. बोटं सगळ्यात जास्त जातात ती पॉवर प्रेसवर. जाणाऱ्यांत बरेच जण बाहेरगावचे आणि कंत्राटी. इथे बॉम्ब पडत नाही. एका शिफ्टमध्ये एका माणसाचा हात जातो, पाणी मारून मशीन पुसतात आणि पुढच्या शिफ्टला दुसरा पोरगा उभा राहतो. त्याचीही रात्र खराब होते, आणि त्याला तर खरचटलेलंही नसतं.

८ डिसेंबर २०२३ आठवा. तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा जीव गेले, पुढे उपचार सुरू असताना आकडा वाढत गेला. मरणाऱ्यांत बहुतेक बाया होत्या. बातमी काही दिवस चालली. पण ज्या घरातली आई गेली, त्या घरात आता केकवर फुलबाजी पेटली की काय होत असेल, याची बातमी होत नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. आपल्याकडे अशा माणसाला सगळे एकच सांगतात, सब्र कर. सल्ला खोटा नाही, पण आपण त्याचा अर्थ ‘गप्प बस’ असा करून टाकलाय. यूसुफ गेला तेव्हा हजरत याकूब यांनी सब्राचाच आधार घेतला. तेच याकूब मुलासाठी इतके रडले की डोळ्यांची नजर गेली, हेही त्याच सूरेत आहे. त्यांचं दुःख ईमानाच्या कमतरतेत कुणी मोजलं नाही. आणि हजार वर्षांपूर्वी बल्खच्या अबू ज़ैद यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकच किताब लिहिली. भीती, राग, दुःख यांचा त्यात वेगवेगळा विचार आहे. त्यामुळे मनाच्या डॉक्टरकडे जाणं ही बाहेरून आलेली फॅशन आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला बल्खचा पत्ता द्या.

मी गेलो तो दोन वर्षांनी. माझ्यासारखीच बोटं गेलेल्या एका मित्रानं हाताला धरून नेलं. काही महिने गोळ्या, काही महिने बोलणं. थोडं थोडं करून आवाजाची सवय लावून घेतली. आज मिक्सर चालू असतो आणि मी चहा पीत बसतो. मोठी गोष्ट नाही, पण मला विचाराल तर फार मोठी आहे.

या सभागृहात असेही काही जण आहेत, ज्यांनी कोरोनात पीपीई किट घालून अनोळखी मय्यती उचलल्या. त्यांचे सत्कार झाले. पण ‘तुला झोप लागते का’ असं त्यांना कुणी विचारलं का? आज घरी जाण्याआधी शेजारच्याला विचारा.

आपण काय करायचं? चार गोष्टी सांगतो.

एक, अपघात झाला की माणसाला ‘काय झालं, कसं झालं’ असं खोदून विचारत बसू नका. जबरदस्तीनं बोलतं केल्यानं फायदा होत नाही. त्याला काय हवं ते बघा, तो बोलेल तेवढं ऐका, मदत जिथे मिळेल तिथे त्याला जोडून द्या.

दोन, टेलीमानस, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी दवाखान्यात हा उपचार मिळणं हा हक्क केला आहे, आणि विमा कंपनीनं मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे.

तीन, कागद. तक्त्यात नसलेली इजाही डॉक्टरच्या मतावर मोजता येते, पण ती कुठेतरी लिहिलेली हवी. हात दाखवायला जाल तेव्हा झोप येत नाही, मशीनजवळ जाववत नाही, हेही सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. मी हे केलं नाही. तुम्ही करा.

चार, प्रेसवर दोन्ही हातांची बटणं आणि सेन्सर चालू आहेत का, हे शिफ्टच्या आधी विचारा. प्रॉडक्शनसाठी ते बंद करायला सांगितलं तर एकट्यानं भांडू नका, चार जण मिळून विचारा. जो हात वाचतो, त्याच्यामागची झोपही वाचते.

तुमच्या गल्लीत असा कुणी असेलच. बोट गेलेला, किंवा बोट शाबूत असून गप्प झालेला. लोक त्याला आळशी म्हणत असतील. या जुम्याला नमाज़नंतर त्याच्याबरोबर चहाला बसा. पंधरा मिनिटं पुरतात. माझ्याबरोबर कुणीतरी बसलं होतं, म्हणून आज मी तुमच्यासमोर उभा आहे.