बाईची रोजी, गड्याची रोजी आणि वकिलीणबाईंचा पगार
(सोयगाव येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कंपनीत नोकरी करणाऱ्या वकील स्त्रियांच्या पगाराविषयी बोलणार आहे, असे कळल्यावर एका मावशींनी मला मघाशी विचारले, “बाई, त्यांना तर पुष्कळ पगार असतो, त्यांचे रडगाणे आम्ही कशाला ऐकायचे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी सुरुवात शेतापासूनच करते.

आपल्या तालुक्यात निंदणी-खुरपणी बाया करतात, वखरणी-फवारणी गडी करतात. बाईची रोजी कमी, गड्याची जास्त. का, असे विचारले तर मालक म्हणतो, “कामच वेगळे आहे.” पण हे काम बाईचे आणि ते गड्याचे, ही वाटणी केली कोणी? दिवसभर ओणवे राहून खुरपणे हलके काम, हे ठरवले कोणी? हा प्रश्न मनात ठेवा. तोच प्रश्न वातानुकूलित कचेरीतही आहे.

वकील दोन प्रकारे पोट भरतो. एक, सनद घेऊन कोर्टात उभे राहणे. दुसरा, कंपनीत पगारावर विधी अधिकारी होणे. करार तपासायचे, नोटिशींना उत्तरे द्यायची, कायद्याच्या पूर्ततेचे कागद सांभाळायचे. पगारावर कायद्याचा सल्ला देणारी बाई आपल्याकडे नवीन नाही. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण बाई म्हणून पदवी मिळायला १९२२ साल उजाडले. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी सल्लागार म्हणून सरकारने त्यांना नेमले. त्यांचे इंग्रजधार्जिणे राजकारण आपल्याला पटणार नाही. पण गोष्ट लक्षात घ्या: सल्ला द्यायला बाई चालत होती, वकील म्हणून कोर्टात चालत नव्हती. स्त्रियांना वकिलीचे दार कायद्याने उघडले ते १९२३ साली.

आज दार उघडे आहे. तरी मुली कंपनीकडे का वळतात? कोर्टात नव्या वकिलाला पहिली काही वर्षे हातखर्चही सुटत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या वकिलांना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. ज्या मुलीच्या घरी आधार नाही, जिला संध्याकाळी सातच्या आत घरी यायचे आहे, तिला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी बरी वाटते. मलाही वाटली. १९९८ साली तालुक्याची वकिली सोडून मी वाळूजच्या एका कारखान्यात लागले.

या नोकरीची एक किंमत असते, ती कोणी आधी सांगत नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. सनद स्थगित ठेवावी लागते. वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी राज्यघटनेने सात वर्षांची वकिली सांगितली आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठीही तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. कंपनीतली वर्षे वकिलीत धरली जात नाहीत. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले, की वकील आणि अशील यांच्यातील गुप्ततेचे जे पूर्ण संरक्षण कोर्टातल्या वकिलाला आहे, ते कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याला नाही. म्हणजे काम कायद्याचे, पण कायद्याच्या लेखी वकील नाही. असा माणूस मालकावर जास्त अवलंबून असतो. परतीचा रस्ता अवघड, म्हणून तोंड उघडणेही अवघड.

आता पगार. आमच्या विभागात आम्ही दोघे एकाच हुद्द्यावर होतो. तो माझ्यानंतर दीड वर्षाने आला. जमिनीचे दावे आणि कोर्टकचेरी त्याच्याकडे; करार आणि पूर्ततेचे काम माझ्याकडे. माझे काम चोख झाले, की काहीच घडत नसे, म्हणून ते कोणाला दिसत नसे. त्याने दावा जिंकला, की साहेब पाठ थोपटत. २००६ साली पगारवाढीची पत्रे छपाई यंत्रावर राहून गेली आणि माझ्या हाती लागली. त्याचा पगार माझ्याहून सव्वापट होता.

मी दोन महिने गप्प राहिले. हे सांगताना लाज वाटते, पण सांगते. रोज कायदा वाचणारी बाई स्वतःसाठी कायदा उघडायला घाबरली. सुट्टीत घरी आले तेव्हा आईला सांगितले. तिचे सारे आयुष्य निंदणीत गेले. ती म्हणाली, “गड्याला जास्त, बाईला कमी, हे मला ठाऊक आहे. मग तू शिकून काय केलं?”

परत गेल्यावर मी लेखी अर्ज दिला. साहेब म्हणाले, “मॅडम, त्याच्यावर घर आहे. शिवाय त्याचे काम वेगळे आहे.” तेव्हा मी ऑड्री डिकॉस्टा यांचा निकाल समोर ठेवला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत त्या लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांपेक्षा बायांना पगार कमी होता. बाया ‘गोपनीय’ काम करतात, त्यांचा वर्ग वेगळा, असे कंपनीचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ते फेटाळले. कामात बारीकसारीक फरक असला तरी काम सारख्या स्वरूपाचे असेल तर पगार सारखाच हवा. आणि कंपनीला परवडत नाही, ही सबब चालणार नाही, असे सांगितले.

मला निम्मा फरक मिळाला. बढती मात्र मिळाली नाही. तीन वर्षांनी मी नोकरी सोडली, सनद पुन्हा सुरू करून घेतली आणि औरंगाबादला माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलांबरोबर नव्याने सुरुवात केली. हा विजय आहे असे मी म्हणत नाही. पण माझ्यामागून त्या जागेवर आलेल्या मुलीने पगार ठरवताना पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलाचा पगार विचारला, हे मला कळले आहे.

१९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल तर बाई म्हणून कमी वेतन देता येत नाही, आणि बरोबरी करायची म्हणून कोणाचे वेतन घटवताही येत नाही. ही तरतूद विधी अधिकारी बाईला आहे, तशी निंदणीच्या बाईलाही आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, पगार आणि रोजी एकमेकींना सांगा. गुप्तता मालकाच्या सोयीची असते. दोन, नव्या नोकरीत मागचा पगार विचारला तर कामाचा पगार विचारा. नाहीतर जुना अन्याय नव्या पत्रावर उतरतो. तीन, आपल्या तालुक्यातल्या मुलींना वकील करा. ३० जुलै २०२४ च्या निकालाप्रमाणे सनदेची नोंदणी फी सर्वसाधारण गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही. त्यांना नोकरी करायची असेल तर जरूर करू द्या, पण सनदेचे काय होते ते आधी समजावून सांगा.

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की आपली मापे वेगळी असली तरी काटा मारायची रीत एकच आहे. आता तुम्ही बोला. इथली या हंगामातली बाईची रोजी किती आणि गड्याची किती, ते आधी फळ्यावर लिहू या.