गच्चीची किल्ली
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



दर शनिवारी मी आपल्या सोसायटीतल्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते. मुलं प्रश्न विचारतात आणि घाईत आपण म्हणतो, "मोठा झालास की कळेल." चार-सहा वेळा असं ऐकलं की मूल विचारायचंच सोडून देतं. मला भीती वाटते ती त्याची.

परवा तिसरीतल्या एकीनं विचारलं, "दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो, मग माझी सावली का पडते?" किती नेमका प्रश्न! आपल्या मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच: मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैअखेर. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे तर कधीच नाही. जुलैत ढग असतात, म्हणून मे गाठायचा.

तेही बाराला नव्हे, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई सुमारे ७३ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं. मुलांनो, गुणाकार करा. ३८ येतात ना? मग तीन मिनिटं कुठे गेली? शनिवारी बोलू.

सेक्रेटरीसाहेब, गच्चीला कुलूप हवंच. पण मेमधल्या त्या दुपारी तासभर किल्ली द्या. पाइपाचा तुकडा उभा करू, खडूनं सावली आखत जाऊ, ती नाहीशी होताना मुलांना स्वतः पाहू दे. सोबत दोन मोठी माणसं लागतील. नावं आजच द्या.