भिंतीवरचं लेकरू वाचूया

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज बोलायचंय शाळेच्या भिंतीबद्दल.

प्रगतिपुस्तक मिळालं की आपण सही करतो, कुणी अंगठा उठवतं. ‘ब’ श्रेणी, ‘क’ श्रेणी दिसते. पण लेकराला नेमकं काय आलं, ते कळत नाही. गटाच्या बैठकीत हे बोलणं निघालं की बऱ्याच जणी म्हणतात, “आम्हाला काय वाचता येतंय?” आमचं म्हणणं, बायांनो, तुम्हाला वाचता येतं. लेकराचं शिकणं वाचता येईल अशा जागी टांगलेलं पाहिजे, एवढंच.

आता आपली ७ ते ४ ठिपक्यांची रांगोळीच घ्या. ओळी ४, ५, ६, ७, ६, ५, ४. एकूण ठिपके किती? पोर म्हणेल, वरचे १५, खालचे १५, मधली ओळ ७, मिळून ३७. बेरीज आली, दोन्ही बाजू सारख्या असणं कळलं, आडवी-तिरपी रेष कळली. बाईंनी ती रांगोळी कागदावर काढून घेतली, खाली पोरीने आपल्या शब्दांत लिहिलं, “मी ठिपके असे मोजले”, आणि कागद भिंतीला लावला, तर शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा सांगेल की नातीला गणित आलंय.

पालघरकडच्या वारली बाया लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने काढायच्या. त्याला त्या चौक ‘लिहिणं’ म्हणतात. त्याच मातीतल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चित्र म्हणजे लिहिणंच, हे आपल्याला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा बालवाडीत पानं, खडे, शिंपले हेच साहित्य होतं. खर्च कमी, शिकणं पुष्कळ.

पण आपल्याकडे होतं काय? प्रकल्प द्यायचा म्हटलं की दुकानातून तयार चित्रांचा तक्ता येतो. आई रात्री बसून कात्रणं चिकटवते, पोर झोपलेलं असतं. तक्ता भिंतीवर झकास दिसतो, पण त्यात पोर कुठे आहे? पेंटरने रंगवलेल्या बोलक्या भिंतीचंही तसंच. ती शोभेची आहे, कामाचीही आहे, पण आपल्या लेकराला काय आलं, ते ती सांगत नाही.

मग भिंत पाहताना काय पाहायचं? गटागटांत बोलून आम्ही चार गोष्टी ठरवल्यात.

पहिली, सगळ्या मुलांचं काम लागलंय का? फक्त हुशार चौघांचं नको.

दुसरी, सगळी चित्रं एकसारखी आहेत का? तीसच्या तीस झोपड्या एकाच साच्याच्या असतील, तर ती फळ्यावरून उतरवलेली.

तिसरी, खाली मुलाचे स्वतःचे शब्द आहेत का? अक्षर वाकडं असू दे.

चौथी, काम मुलांच्या नजरेच्या उंचीवर आहे का, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदलतं का? जून आणि डिसेंबरचं काम शेजारी लावलं, तर वाढ आपोआप दिसते.

सगळं भिंतीवरच मावतं असं नाही. पाण्याचं चक्र नाटुकल्यातून दाखवता येतं, हात धुण्यावर मुलं स्वतः ओव्या रचतात. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प धरलेलेच आहेत, म्हणजे शिक्षकांवर हे जादा ओझं नाही.

आणि हे विचारायचा हक्क आपला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया. तेव्हा सही करून उठू नका. गोडीने म्हणा, “गुरुजी, पालकसभा भिंतीसमोर घेऊया, आणि मजुरीवरून बाया परतल्यावर घेऊया.” मुलांनाच आपापलं काम समजावून सांगू द्या.

घरीही “किती मार्क पडले?” याच्या आधी विचारा, “हे कसं केलंस गं?” जे पोर परीक्षेत गप्प बसतं, ते कदाचित इथे भडाभडा बोलेल. त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी एवढी संधी तरी मिळायला हवी.

या महिन्याच्या बैठकीत हिशोब झाला की हा विषय घ्या.